लॉटरी लागली तर: तिकिटापासून मृत्युपत्रापर्यंतचं पहिलं वर्ष

सप्टेंबर २०२२ मध्ये केरळ सरकारच्या ओणम बंपर लॉटरीचं २५ कोटींचं पहिलं बक्षीस एका रिक्षाचालकाला लागलं. तिकीट ५०० रुपयांचं होतं आणि पैसे कमी पडले म्हणून त्याने मुलाच्या बचतीचा गल्ला फोडला होता. मलेशियात स्वयंपाकी म्हणून जाण्याची त्याची तयारी चालू होती. त्यासाठी बँकेकडे कर्जही मागितलं होतं. मग काही दिवसांतच तोच माणूस कॅमेऱ्यासमोर सांगत होता की हे बक्षीस लागायला नको होतं, निदान एवढं मोठं तरी नको होतं. दारात पैसे मागणाऱ्यांची रीघ लागली होती. आजारी मुलाला दवाखान्यात नेणंही कठीण झालं होतं आणि स्वतःच्या घरी राहायची सोय उरली नव्हती. बक्षिसाची रक्कम तर तोवर त्याच्या हातात आलेलीही नव्हती.

लॉटरी लागलेल्या माणसाची पहिली अडचण ही अशी असते. पैसा यायला वेळ लागतो, पण लोक त्याच दिवशी येतात आणि निर्णय त्याच दिवशी मागतात. पहिल्या वर्षात श्रीमंतासारखं जगायचं कसं, हा प्रश्न सोडवायला घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. पहिल्या वर्षी चार गोष्टी सांभाळायच्या: तिकीट, कर, कर्ज आणि माणसं. आयुष्य बदलायचं असेल तर ते त्यानंतर, सवडीने बदलावं.

आपल्याकडे लॉटरीपेक्षा जमिनीच्या मोबदल्याने अचानक पैसा आलेली घरं कितीतरी जास्त आहेत. समृद्धी महामार्गासाठी जमीन गेलेली गावं घ्या, किंवा पुण्याजवळ हिंजवडीत, वाघोलीत गुंठ्यांनी जमीन विकलेली कुटुंबं घ्या. कराचा भाग सोडला तर पुढचं जवळजवळ सगळं त्यांनाही लागू आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करतो. ‘सत्तर टक्के विजेते काही वर्षांत कफल्लक होतात’ हे वाक्य जगभर फिरतं आणि अमेरिकेतल्या एका आर्थिक शिक्षण संस्थेच्या नावावर खपवलं जातं. त्या संस्थेने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की असं कोणतंही संशोधन आमचं नाही. स्वीडनमध्ये हजारो विजेत्यांची माहिती तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठं बक्षीस मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलंच दिसलं. दुसरी बाजू फ्लोरिडाची आहे. तिथे ५० हजार ते दीड लाख डॉलर जिंकलेल्यांची दिवाळखोरी पहिली दोन वर्षं कमी झाली, पण तिसऱ्या ते पाचव्या वर्षात तेवढीच वाढली. म्हणजे ती टळली नाही, फक्त पुढे गेली. पैसा माणसाला बुडवतोच असं नाही आणि तारतोच असंही नाही. फरक त्या मधल्या दोन-तीन वर्षांत पडतो.

१. आधी बक्षीस खरं आहे का ते बघा

तुम्ही तिकीट काढलंच नसेल तर तुम्हाला लॉटरी लागलेली नाही. व्हॉट्सअॅपवर ‘केबीसीची २५ लाखांची लॉटरी’ असा संदेश, अमिताभ बच्चन यांचा फोटो आणि एक ध्वनिफीत येते. ही सरळ फसवणूक आहे आणि तिने वर्षानुवर्षं गरीब माणसांचे पैसे लुटले आहेत. ओळखायची खूण एकच आहे: खऱ्या बक्षिसातून कर कापून उरलेले पैसे देतात, आधी कर भरायला सांगत नाहीत. ‘प्रोसेसिंग फी’, ‘जीएसटी’, ‘आरबीआयचं शुल्क’ यातलं काहीही मागितलं की फोन ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

परदेशी लॉटरीचं तिकीट भारतातून पैसे पाठवून घ्यायला परकीय चलनाच्या नियमांनी मनाई आहे. केरळची कागदी तिकिटं ऑनलाइन विकली जात नाहीत, त्यामुळे तसं कोणी विकत असेल तर तीही फसवणूकच.

निकाल सरकारी राजपत्रातल्या किंवा लॉटरी विभागाने जाहीर केलेल्या यादीशी जुळवा. क्रमांकाआधीची अक्षरं, म्हणजे मालिका, हमखास नजरेतून सुटते. तीच आधी तपासा.

२. तिकीट तुमचं करून घ्या

तिकीट ज्याच्या हातात, त्याचं बक्षीस. म्हणून खात्री पटताक्षणी मागच्या बाजूला सही करा, नाव-पत्ता लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पण ते कोणालाही पाठवू नका. तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून लॉकरमध्ये ठेवा. घडी, पाणी, शाई यांनी आकडा खराब झाला की पुढे वाद सुरू होतो. लॅमिनेशन मुळीच करू नका.

मोठ्या रकमेचा दावा विक्रेत्याकडे नव्हे, लॉटरी विभागाकडे करायचा असतो. महाराष्ट्र राज्य लॉटरीचं कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे, केरळचं संचालनालय तिरुवनंतपुरमला. बँकेमार्फत तिकीट वसुलीला देता येतं आणि बाहेरगावच्या माणसाला तेच सोयीचं. बँकेकडून पोच घ्या आणि तिच्यावर तिकिटाची मालिका व क्रमांक लिहून घ्या. मुदत तिकिटाच्या मागे छापलेली असते. केरळमध्ये ती ३० दिवसांची आहे. आधार, पॅन आणि बँक खातं यांवर नाव अक्षरशः एकसारखं हवं. ‘सुनील बाबुराव’ आणि ‘सुनिल बी.’ एवढ्या फरकाने कागद आठवडेच्या आठवडे अडतात.

याच दिवसांत कोणीतरी येऊन म्हणेल, ‘तिकीट मला दे, वर वीस टक्के जास्त रोख घे, कराची कटकट नको.’ हा काळा पैसा पांढरा करण्याचा जुना मार्ग आहे. रोख रकमेचा हिशेब तुम्ही कुठेच देऊ शकणार नाही आणि गुन्ह्यात तुमचं नाव येईल ते वेगळंच. दार लावून घ्या.

तिकीट वर्गणी काढून घेतलं असेल तर वाटे आधीच लिहून ठेवा. २०२३ मध्ये केरळच्या परप्पनंगाडी नगरपालिकेत घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ११ बायकांनी २५० रुपयांचं एकच तिकीट मिळून घेतलं. त्यातल्या नऊ जणींनी प्रत्येकी २५ रुपये काढले आणि दोघींनी एक वाटा अर्धा-अर्धा केला. त्या तिकिटाला १० कोटी लागले. कोणी किती घातले हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिसात किंवा रिक्षा स्टँडवर मिळून तिकीट घेत असाल तर नावं आणि रकमा लिहिलेला साधा व्हॉट्सअॅप संदेश पुरतो, पण तो निकालाच्या आधीचा हवा.

३. कोणाला सांगायचं

नवरा-बायको, गरज असेल तर आई-वडील, आणि एक सीए. पहिल्या महिन्यात एवढ्यांपलीकडे कोणालाही नाही. मुलं शाळकरी असतील तर त्यांनाही नाही, कारण शाळेतून बातमी गावभर व्हायला एक मधली सुट्टी पुरते.

विक्रेत्याला स्वतःची जाहिरात हवी असते, म्हणून दुकानाबाहेर तुमचा फोटो लावायला तो उत्सुक असतो. नम्रपणे नाही म्हणा. केरळमध्ये नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते आणि ओणम बंपरचा तो प्रसंग गाजल्यावर अनेक मोठ्या विजेत्यांनी तशी विनंती केली. दावा करतानाच ती लेखी द्या.

खातं गावातल्या शाखेत ठेवू नका. शाखेतला शिपाई, कॅशियर, शेजारच्या काउंटरवरचा माणूस सगळे गावचेच असतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या शाखेत नवं खातं उघडा.

टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकलेल्यांना ही सोय नसते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त १ कोटी जिंकल्या, तेव्हा ते अख्ख्या देशाने पाहिलं. तुमच्या हातात कागदाचं तिकीट आहे आणि गप्प राहण्याची मुभा आहे. ती वापरा.

४. हातात नक्की किती येणार

इथे सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून आकडे मांडतो.

लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे. टीव्हीवरच्या बक्षिसालाही तोच नियम. उत्पन्न कितीही कमी असो, करमुक्त मर्यादेचा फायदा मिळत नाही. तिकिटांवर आयुष्यभर केलेला खर्च वजा होत नाही, विम्याची-पीपीएफची वजावटही चालत नाही. हे ३० टक्के बक्षीस देतानाच टीडीएस म्हणून कापले जातात. लोकांना वाटतं, कर संपला. तो संपलेला नसतो. ५० लाखांवर उत्पन्न गेलं की करावर १० टक्के अधिभार, १ कोटीवर १५ टक्के आणि २ कोटीवर २५ टक्के. जुनी करप्रणाली घेतली तर ५ कोटींच्या वर ३७ टक्के. या सगळ्यावर ४ टक्के उपकर. अधिभार आणि उपकर टीडीएसमध्ये कापलेले नसतात, ते तुम्हाला स्वतःला भरायचे असतात.

समजा १ कोटी लागले आणि दुसरं काहीच उत्पन्न नाही. ३० लाख कापून ७० लाख खात्यात येतील. करावरचा अधिभार ३ लाख, त्या ३३ लाखांवर उपकर १ लाख ३२ हजार. म्हणजे आणखी ४ लाख ३२ हजार भरायचे. खरी रक्कम ६५ लाख ६८ हजार. पगार किंवा धंद्याचं उत्पन्न असेल तर एकूण आकडा १ कोटीच्या वर जाऊन हिशेब बदलतो, तो सीएकडून करून घ्या.

ओणम बंपरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २५ कोटींतून आधी विक्रेत्याचं १० टक्के कमिशन गेलं, राहिले साडेबावीस. त्यातून ३० टक्के टीडीएस गेला, राहिले १५ कोटी ७५ लाख. तेव्हाच्या ३७ टक्के अधिभाराने आणि उपकराने आणखी सुमारे २ कोटी ८७ लाख जायचे होते. शेवटी उरतात १२ कोटी ८८ लाख, म्हणजे वर्तमानपत्रातल्या मथळ्याच्या जेमतेम निम्मे. मागायला येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र २५ कोटीच असतात.

उरलेला कर आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्यात भरा: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. बक्षीस १५ मार्चनंतर मिळालं तर ३१ मार्चपर्यंत. आधीच्या हप्त्यांबद्दल व्याज लागत नाही, पण पुढचा हप्ता चुकवलात तर लागतं. पैसे खात्यात येताच कराची ही रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि तिला हात लावू नका.

जमिनीच्या मोबदल्याचं तसं नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली निवाडा होऊन मिळालेल्या रकमेवर आयकर नाही. स्वतः सौदा करून विकलेल्या जमिनीचा हिशेब वेगळा असतो. कागद कोणत्या प्रकारचा आहे ते सीएला दाखवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

५. वर्षभर पैसा कुठे ठेवायचा

सुरक्षित आणि कंटाळवाण्या ठिकाणी. बँकेतल्या ठेवींना विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला फक्त ५ लाखांपर्यंत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेच्या दाराशी पुन्हा तशाच रांगा लागल्या. पतसंस्थेच्या ठेवींना तर हा विमाही नाही. अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी गावच्या पतसंस्थेत पाऊण कोटी टाकू नका, मग चेअरमन सख्खा मामा का असेना.

स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय या तीन बँकांना रिझर्व्ह बँक देशाच्या व्यवस्थेसाठी महत्त्वाच्या मानते. त्यांत सहा महिने किंवा वर्षाच्या मुदत ठेवी करा. रकमेचे चार-पाच तुकडे करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांची सरकारी ट्रेझरी बिलंही, म्हणजे सरकारला थोड्या मुदतीसाठी दिलेल्या कर्जाचे रोखे, घेता येतात. त्यामागे थेट केंद्र सरकार असतं.

बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर आठवड्याभरात घरी येईल, चहा घेईल आणि दहा वर्षांची विमा योजना पुढे करेल. त्याच्यावर विक्रीचं उद्दिष्ट असतं, त्याच्याशी वैर नको. ‘वर्षभर काहीच घ्यायचं नाही असं घरात ठरलंय’ एवढंच सांगा.

६. कर्ज फेडा, आणि फेडल्याचा कागद घ्या

क्रम असा: खासगी सावकार, क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, सोनेतारण, मग सोसायटीचं पीककर्ज आणि गृहकर्ज. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराला दंडाशिवाय मुदतीआधी फेडता येतं.

पैसे भरून काम संपत नाही. कर्ज पूर्ण फिटल्याचा, म्हणजे बेबाकी दाखला घ्या. सातबाऱ्यावरचा बोजा तलाठ्याकडून कमी करून घ्या आणि नवा उतारा काढून तपासा. घराची मूळ कागदपत्रं बँकेकडून परत घ्या. सावकाराकडे सही केलेले कोरे धनादेश किंवा मुद्रांक असतील तर ते हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

हा खर्च पहिल्या महिन्यात केला तरी चालतो. मोठ्या खर्चांपैकी घाई करावी असा हा एकच आहे.

७. माणसं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. केबीसीत २०११ मध्ये ५ कोटी जिंकलेले मोतिहारीचे सुशील कुमार यांनी २०२० मध्ये स्वतः लिहिलं की जिंकल्यानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट होता. गुप्तदानाच्या नावाने अनेकांनी फसवलं, त्यावरून बायकोशी खटके उडू लागले, व्यसनं लागली. बायको सांगत होती की खरं-खोटं तुला ओळखता येत नाही, आणि त्यांना वाटत होतं की हिला माझं मन कळत नाही. पुढे ते सावरले, चंपारणमध्ये चाफ्याची झाडं लावण्याची मोहीम चालवली, शिक्षक झाले. त्यांच्या लिहिण्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही नवरा-बायकोतली गोष्ट. पहिली फट तिथे पडते.

म्हणून पहिला नियम: कोणालाही, कितीही लहान रक्कम द्यायची तरी दोघांच्या संमतीने. पाच हजार असले तरी.

मग दोघांनी बसून वाटपाची एक रक्कम ठरवा. हातात आलेल्या रकमेच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नका असं मी सुचवेन. वही घ्या आणि नावं लिहा. एका नात्याला एकच आकडा ठेवा. थोरल्या बहिणीला पाच लाख आणि धाकटीला तीन असं केलंत, तर पुढच्या भाऊबीजेला ते ताटात दिसेल. माहेरचं आणि सासरचं एका मापाने मोजा. बहिणींचा विचार सर्वांत आधी करा, कारण आपल्याकडे जमीन-घर वाटताना त्यांनी बहुतेकदा हक्कसोड लिहून दिलेली असते आणि त्या स्वतःहून मागणार नाहीत.

ही रक्कम एकदाच द्या, सगळ्यांना एकाच आठवड्यात, बँकेतून. हातउसने म्हणून देऊ नका. उसने दिलेले पैसे परत येत नाहीत आणि ते न आल्याचं ओझं दोघांच्याही मनावर राहतं. द्यायचेच तर दिले म्हणून द्या. आजारपण असेल तर थेट रुग्णालयात भरा, शिक्षण असेल तर थेट महाविद्यालयात.

कराचा भाग थोडक्यात. सख्खे भाऊ-बहीण, आई-वडील, मुलं यांना दिलेली भेट करमुक्त आहे, आणि काका-मामांनी पुतण्या-भाच्यांना दिलेलीही. चुलत-मावस-मामे भावंडांना आणि मित्रांना वर्षाला ५० हजारांच्या वर भेट मिळाली तर ती त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. त्यांना हे आधीच सांगा. बायकोच्या नावावर टाकलेल्या पैशाचं व्याज तुमच्याच उत्पन्नात मोजलं जातं.

जामीन मात्र कोणालाही राहू नका. मागणाऱ्याला वाटतं, नुसती सही तर करायची आहे. पण सही करणारा बँकेच्या दृष्टीने कर्जदाराइतकाच देणेकरी असतो आणि बँक आधी ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे येते. भागीदारीला पहिल्या वर्षी नाही म्हणा. हॉटेल, जेसीबी, प्लॉटिंग, डेअरी, कोणताही प्रस्ताव असो, ‘पुढच्या वर्षी कागद घेऊन ये’ हे उत्तर. जे खरोखर धंदा करणार आहेत ते पुढच्या वर्षीही येतील.

गावाचा प्रश्न वेगळा. मंदिराचा जीर्णोद्धार, सप्ताहाची पंगत, गणपती मंडळाची वर्गणी, जत्रेतल्या कुस्त्यांची बक्षिसं, सगळीकडे तुमचं नाव आधी घेतलं जाईल. यातलं काहीच न देणं गावात राहणाऱ्याला जमणार नाही आणि तसं वागूही नये. पण एक काम निवडा. शाळेची स्वच्छतागृहं, वाचनालय, पाण्याची टाकी, जे तुम्हाला स्वतःला लहानपणी नसल्याचं जाणवलं ते. त्याचा खर्च ठेकेदाराला आणि दुकानदाराला थेट द्या, समितीच्या हातात रोख नको. बाकीच्यांना ‘यंदा आम्ही शाळेचं काम धरलंय’ हे सांगता येतं, आणि ते खरंही असतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहण्याचा आग्रह होईल. पहिल्या वर्षी तो अजिबात मानू नका.

शेजाऱ्यांचाही विचार करा. कॅनडात केलेल्या अभ्यासात असं दिसलं की जितकं मोठं बक्षीस, तितकी विजेत्याच्या जवळच्या शेजाऱ्यांत पुढे दिवाळखोरी जास्त, कारण तेही दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च करू लागतात. तुमच्या दारातली गाडी बघून शेजारचा पोरगा हप्त्यावर गाडी घेतो. दिखावा टाळण्याचं हे कारण मला चोराच्या भीतीपेक्षा मोठं वाटतं.

८. काम सोडायचं का

वर्षभर नाही. स्वीडनच्या आकडेवारीत विजेत्यांच्या कमाईत वर्षाला बक्षिसाच्या साधारण एक टक्क्याएवढीच घट दिसली. बहुतेकांनी काम सोडलं नाही, थोडं कमी केलं. परप्पनंगाडीच्या त्या बायकांनीही काम चालू ठेवणार असंच सांगितलं. कारण समजायला अवघड नाही. अकरा जणींची ओळख, गप्पा, डबे, भांडणं सगळं त्या कामाभोवती होतं. काम गेलं की पगाराबरोबर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढा दिवसही जातो, आणि त्या रिकाम्या दिवसात काय शिरतं ते गावागावांत दिसतं.

याला एक अपवाद मी आवर्जून करतो. ज्यांचं काम शरीर खाणारं आहे, ऊसतोड, हमाली, रात्रपाळीची सुरक्षारक्षकाची नोकरी, घरोघरची धुणीभांडी, त्यांना ‘काम चालू ठेवा’ असा उपदेश करणं अन्यायाचं आहे. त्यांनी ते जरूर सोडावं, पण त्याच आठवड्यात रोजचं दुसरं काहीतरी ठरवून सोडावं. शिलाई, छोटी खानावळ, शेळ्या, मुलाच्या शाळेजवळचं दुकान, जे हाताला येतं आणि अंगाला झेपतं. केरळच्या त्या रिक्षाचालकाने पुढे लॉटरीच्या तिकिटांचंच दुकान टाकलं. नोकरदाराने आधी बिनपगारी रजा घेऊन पाहावी. तीन महिने घरी बसून कसं वाटतं ते राजीनाम्याआधी कळलेलं बरं.

९. घर आणि गाडी

राहत्या घराची दुरुस्ती लगेच करा. गळकं छप्पर, संडास-बाथरूम, विजेचं जुनं वायरिंग, आईसाठी कमोड. यावर झालेल्या खर्चाचा सहसा पश्चात्ताप होत नाही. नवं घर मात्र वर्षानंतर. बंगला बांधायला जेवढा पैसा लागतो तेवढ्यावर खर्च थांबत नाही. घरपट्टी, रंग, पंप, माळी, राखणदार असा बंगल्याला जणू दरमहा पगार द्यावा लागतो. भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी ज्या भागात घर घ्यायचं तिथे काही महिने भाड्याने राहून बघा. गाडी घ्यायची तर एकच घ्या. आरोग्य विमा नसेल तर तो गाडीच्या आधी घ्या.

एक मोठी हौस मात्र पहिल्याच वर्षी पुरवा: आई-वडिलांची काशीयात्रा, बायकोचं मोडलेलं मंगळसूत्र, मुलीच्या आवडीचा क्लास. सगळं कुलूपबंद केलं की ते कुलूप एक दिवस रागाने फुटतं.

आणि तिकिटं काढणं थांबवा.

१०. वर्ष झाल्यावर

आता प्रश्न विचारायचा: हा पैसा वर्षाला किती देऊ शकतो? समजा कर, कर्ज, वाटप आणि दुरुस्ती होऊन ५० लाख उरले. रिझर्व्ह बँकेच्या सात वर्षांच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांवर २०२५ मध्ये ८.०५ टक्के व्याज होतं. त्या दराने वर्षाला ४ लाख २ हजार, म्हणजे महिन्याला साडेतेहतीस हजार. हे सगळं खर्च केलं तर मुद्दल कागदावर तेवढंच राहतं, पण महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत त्याची खरेदीची ताकद निम्म्यावर येते. म्हणून वर्षाला मुद्दलाच्या तीन ते चार टक्केच वापरा. ५० लाखांवर ते महिन्याला साडेबारा ते साडेसोळा हजार होतात. बाकीचं पुन्हा गुंतवा.

हा आकडा अनेकांना निराश करतो. पण तो वेळेवर कळला तर नोकरी सोडायची की नाही, बंगला केवढा, मुलाला परदेशी पाठवायचं का, ही सगळी उत्तरं त्यातूनच निघतात. ५० लाख ही कमावत्या घराला निर्धास्त करणारी रक्कम आहे. कमाई थांबलेल्या घराला ती पुरत नाही.

वरिष्ठ नागरिकांसाठी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिची कमाल मर्यादा माणशी ३० लाख. शेअर बाजाराशी जोडलेला भाग निर्देशांक फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसा वाटणाऱ्या फंडात, थोडा-थोडा करत, दोन वर्षांत भरावा. सल्लागार निवडताना त्याचा नोंदणी क्रमांक मागा; सल्लागारांची नोंदणी सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था, करते. तो आयएनए या अक्षरांनी सुरू होत असेल तर तो फी घेऊन सल्ला देणारा आहे. एआरएन असेल तर तो म्युच्युअल फंडांचा वितरक आहे आणि त्याला तुम्ही घेतलेल्या योजनेतून कमिशन मिळतं. मोठ्या रकमेसाठी पहिला घ्या, आणि पैसे कधीही त्याच्या खात्यात टाकू नका.

११. मृत्युपत्र

हे वर्षभर थांबवायचं नाही. पैसे खात्यात आले त्याच महिन्यात करा. साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार लागतात आणि ते वारसांपैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतली तर भाऊबंदकीत उपयोगी पडते. डॉक्टरची सही साक्षीदार म्हणून घेतली तर ‘तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं’ या आक्षेपाला उत्तर तयार राहतं.

नामनिर्देशन म्हणजे वारसा, असं समजू नका. बँक नामनिर्देशित माणसाच्या हाती रक्कम देते, पण मालक ठरतात ते मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. खात्यावर भावाचं नाव जुनं राहून गेलेलं असतं आणि बायकोला पुढे कोर्टात जावं लागतं. प्रत्येक ठेवीची पावती, रोखे, विमा, लॉकर यांची यादी करा, प्रत्येकावर नाव कोणाचं आहे ते तपासा, आणि यादीची एक प्रत बायकोकडे किंवा नवऱ्याकडे द्या. लॉकरची किल्ली कुठे असते, तेही त्याच कागदावर लिहा.